शिस्तमंत्र्यांची आई

...नाही हो, तक्रार असू दे, मी म्हणते हजार तक्रारी असू देत, पण सांगायची काही रीत आहे की नाही? हेडसरांनी फोन करायचा, "मनिषाताई, शाळंत जरा येऊन जावा," म्हणायचं आणि ठेवून द्यायचा! आता हे "जरा" म्हणजे काय समजायचं माणसानं? पोरगी पडली? का पोरीनं कुणाला पाडलं? का पडता पडता चौघांना बरोबर घेऊन पडली? मी परत फोन लावला तर उचलत नाहीत. इकडं कुकर शिट्ट्या मारतोय, तवा तापलाय, हातात अर्धी लाटलेली भाकरी... बघा, भाकरी कुणी लाटतं का! थापतात! इतकी घाबरले होते मी, की अजून सांगताना चुकतेय.

आणि माझं बी.एड. झालंय हं! फर्स्ट क्लास. बालमानसशास्त्रात कॉलेजात पहिली. नोकरी कधी केली नाही तो भाग वेगळा, लग्न झालं, आरोही झाली, आणि सगळं बालमानसशास्त्र त्या एकाच बालकावर खर्च झालं. पण विषय पक्का! "मुलाच्या वर्तनामागील कारण शोधा." शोधतेय की. ती रांगायला लागल्यापासून शोधतेय. कारण पुढं पळतंय, मी मागं.

तुम्ही म्हणाल, शाळेतनं फोन आला तर एवढं काय? तेच तर सांगते. आमची आरोही गेल्या वर्षी इथं गावात नव्हतीच. आमच्या वन्सं, इंदुताई, बेळगावात टिळकवाडीला असतात. बंगला, दारात जास्वंद, बोलणं असं की कपबशी ठेवल्यासारखं, आवाज नाही. त्या म्हणाल्या, "अगं मनिषा, खेड्यातल्या सरकारी शाळेत शिस्त नावाची गोष्ट असते का? पोरगी बिघडेल. पाठव माझ्याकडे, इथं मोठ्या शाळेत घालू." आमचे हे, युवराज, कागलच्या एमआयडीसीत कामाला, बहिणीचा शब्द म्हणजे ह्यांना सुपरवायझरचा शब्द. पाठवली. तिसरीतली पोर, पाठवली आपली बॅग भरून. शाळा चांगलीच हो ती, नाव ठेवायला जागा नाही. फरशीवर पिवळ्या रेघा मारलेल्या, रेघेवरनं चालायचं. वर्गात ओठावर बोट ठेवून बसायचं.

दसऱ्याच्या सुट्टीला आली. मी चुलीपाशी... म्हणजे गॅसपाशी, आणि ही स्वयंपाकघराच्या दारात हात वर करून उभी. "काय गं?" तर म्हणते, "मे आय ड्रिंक वॉटर, मम्मी?" हे खूश! "बघ, बघ, ह्याला म्हणत्यात शिस्त!" मी हसले. पाणी दिलं. आणि मग भांड्यांच्या मांडणीकडं तोंड करून रडले. स्वतःच्या घरातला माठ, स्वतःचा तांब्या, आणि पोरगी परवानगी मागते? जी पोरगी आधी झोपेतसुद्धा बडबडायची, ती सगळी सुट्टी "यस" आणि "नो" वर काढून गेली! मला सांगा, ह्याला शिस्त म्हणायची?

अख्खा उन्हाळा भांडले मी. शेवटी परत आणली, इथं आमच्या सरकारी मराठी शाळेत चौथीला घातली. पण ह्यांनी अट घातली. "एक तक्रार. शाळंतनं एक जरी तक्रार आली, तर सोमवारी बॅग, आणि पोरगी टिळकवाडीला आक्काकडं. मग रडायचं न्हाय." आता कळलं का, ते "जरा" ऐकून मी भाकरी का लाटायला लागले?

तसं जूनपासून मी बरंच निस्तरलं होतं. एकदा भूक लागली म्हणून हिनं जेवणाची घंटा आधीच दिली. आणि सगळी शाळा बसली की हो जेवायला! पोरं बसली, बाई बसल्या, हेडसर हात धुऊन बसले, भात अजून चुलीवर! एकदा एक शेळी वर्गात आणून बसवली. का? तर "ती रोज खिडकीतनं बघती मम्मी, तिचं नाव घाला." मी गुपचूप जायचे, "चुकलं सर, समजावते," म्हणायचे. ह्यांच्या कानावर काही जाऊ दिलं नाही. घरी आले की समजावायचे. ती मान डोलवायची. माझं बी.एड. झालंय हं, मला वाटायचं, पटलं तिला! तिची मान आपली झोपेनं डोलत असायची.

तर त्या दिवशी मी निघाले. सोप्यात आमच्या सासूबाई, शालूबाई, शेंगा फोडत बसलेल्या. "मनिषे, कुठं गं निघालीस भाकरी टाकून?" म्हटलं, "आत्ती, शाळेत, जरा." झालं! त्यांनी शेंग खाली ठेवली. "काय केलं पोरीनं?" म्हटलं, काही नाही हो. तर म्हणतात, "काय न्हाय तर बलिवतील कशाला? आमच्या टायमाला आईबाप मास्तराला सांगून यायचं, कातडं तुमचं, हाडं आमची. तुम्ही शिकल्यालं लोक, हात लावू देत न्हाईसा, मग पोरं डोक्यावर बसणार न्हाईत तर काय करतील!" मी ऐकायला थांबले नाही. आणि तीच माझी चूक. मी वळले, तसा त्यांनी फोन उचलला असणार.

शाळेत पोचले तर अशी शांतता, अशी शांतता, की मला वाटलं सुट्टीच दिली. आत डोकावले, तर पोरं वर्गात! आणि आमच्या शाळेत शांतता कशी असेल हो? परशराम गुरुजी तिथं हेडसर आहेत! त्यांचा आवाज तुम्ही ऐकला नाही म्हणून. "गप बसा रंऽऽ" म्हणाले की वर्गातली पोरं गप बसायची, वेशीजवळची कुत्री गप बसायची, शेजारच्या घरातलं पाळण्यातलं बाळ तेवढं उठायचं. असा माणूस, आणि मला खुणेनं म्हणतो, बसा. कुजबुजत! ऑफिसात बामचा वास सुटलेला. पाय स्टुलावर.

मी म्हटलं, "सर, काय केलं तिनं? जे असेल ते सांगा, पण ह्यांना सांगू नका."

"तिनं काय न्हाय केलं ओ. केलं ते मीच. तिला शिस्तमंत्री मी केलं."

आता हे कळायला तुम्हाला थोडं सांगावं लागेल. आमचं गाव मराठी, पण हद्दीच्या अलीकडं, कर्नाटकात, आणि इकडं सरकारी शाळेत पोरांची संसद असते. खोटं नाही, निवडणूक होते, बाईंच्या मोबाइलवर बटण दाबून मतदान, शपथविधी, सगळं. सातवीचा कुणीतरी पंतप्रधान, कुणी आरोग्यमंत्री, तो नखं बघत हिंडतो, कुणी अन्नमंत्री, त्याला भाताचा पहिला घास. पण शिस्तमंत्री व्हायला कुणी तयार नसतं. दंगा करणाऱ्यांची नावं फळ्यावर कुणी लिहायची आणि शाळा सुटल्यावर मार कुणी खायचा? म्हणून आमच्या गुरुजींची जुनी युक्ती. जे पोर जास्त दंगा करतं, त्यालाच शिस्तमंत्री करायचं. निम्मा दंगा तिथंच कमी! बरोबरच आहे, आम्हालाही बी.एड.ला हेच शिकवलं होतं, "उपद्रवी बालकास जबाबदारी द्यावी." फक्त ते बालक जबाबदारी खरंच घेईल, हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं हो!

शपथ गुरुजींनीच लिहून दिलेली. "शिस्त सर्वांना सारखी." हिनं मोठ्यानं वाचली, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर उभी राहून कायदा केला. एकच. "शाळेत वरडायचं न्हाय. जो वरडंल, त्यानं गणपतीपुढं कान धरून पाच उठाबशा." गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या. आणि लगेच गुरुजी ओरडले, "बास टाळ्याऽऽ!"

सगळी शाळा वळून बघायला लागली म्हणे.

पहिल्या दिवशी त्यांनी हसत हसत काढल्या. कौतुकानं. दुसऱ्या दिवशी दोनदा. माणसाचा आवाजच तसा, तो काय करणार! पोरं मात्र शिकली, कुजबुजायला लागली, बाई लागल्या, स्वयंपाकीण मावशी लागल्या. अडकले ते एकटे गुरुजी. रोज ऑफिसाच्या दारावरच्या गणपतीपुढं.

"ते बी चाललं असतं, मनिषाताई," गुरुजी म्हणाले, "पण परवा पोरांचं दूध तापत होतं, उतू चाललं, मी वरडलो, अगं दूध, दूधऽ! दूध वाचलं. तर ही म्हणती, सर, दूध वाचलं ते चांगलं झालं, आता पाच. काढाय लागलो. लाजंनं डोळं झाकून. तिसरी चाललीया, आणि फाटकात जीप!"

शिक्षण खात्याचे साहेब! न सांगता तपासणीला! मी म्हटलं, बाई गं, मग?

"मग काय, साहेब धारवाडकडचं."

मला अजून कळेना. मग गुरुजींनी सांगितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपल्यात कान धरून उठाबशा म्हणजे शिक्षा. पण कानडी मुलखात गणपतीपुढं कान धरून उठाबशा काढणं म्हणजे भक्ती! लहानथोर सगळे काढतात, परीक्षेला जाताना तर हटकून. साहेबांनी बघितलं काय? ऑफिसाच्या दारावर गणपती, गणपतीपुढं डोळे मिटलेला हेडमास्तर, भोवती पोरं चिडीचूप. साहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी पायरीवर बूट काढले, गुरुजींच्या शेजारी उभे राहिले, उजव्या हातानं डावा कान, डाव्या हातानं उजवा, आणि झाले सुरू!

"अवो ताई, माझ्या पाच झाल्या, आता थांबावं म्हटलं तर साहेब शेजारी उठतायत आणि बसतायत. मी कसा थांबू? भक्ती मधीच संपली म्हणू? साहेबांचा नेम एकवीसचा!"

एकवीस! त्या गुडघ्यांवर! आणि वर साहेबांनी पाठीवर थाप मारली, "भाळ छलो, हेडमास्तर, भाळ छलो! फार छान! असली भक्ती, असली शिस्त कुठल्या शाळेत बघितली नाही!" फोटो काढला. खात्याच्या ग्रुपवर टाकला. शनिवारी पुन्हा येतो म्हणाले, आजूबाजूच्या शाळांचे हेडमास्तर घेऊन, सगळे मिळून काढू.

"त्याचं बी मला काय न्हाय," गुरुजी आता रडकुंडीला आले, "पण साहेब गेल्यावर तुमची पोरगी मला काय म्हणाली म्हायताय? सर, ते साहेब कुणावर वरडलं होतं? म्हटलं, आता काय सांगू हिला! शनिवारी तिनं हेच त्यास्नी इचारलं तर? त्यास्नी कळलं, हेडमास्तर चौथीच्या पोरीची शिक्षा भोगतोय, तर माझी बदली कुठं हुईल? तुम्ही आई हायसा. शिकल्यालं हायसा. बी.एड. हायसा! तेवढा कायदा मागं घ्यायला सांगा. न्हायतर मला युवराजलाच बोलवावं लागंल."

युवराजला बोलावणं म्हणजे तक्रार, तक्रार म्हणजे सोमवार, सोमवार म्हणजे टिळकवाडी.

बोलावलं तिला बाहेर, कडुलिंबाखाली. आली. छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला, "शिस्तमंत्री". मी माझं सगळं शास्त्र गोळा केलं. गुडघ्यावर बसले, म्हणजे डोळ्याला डोळा. आवाज मऊ. "आरोही बाळ, तुझ्यापुढं दोन पर्याय आहेत. एक, कायदा मागं घ्यायचा. दोन, तो फक्त मुलांना लावायचा. तूच निवड हं." मुलाला पर्याय द्यावा, निर्णय त्याचा वाटला पाहिजे! पान नंबरसुद्धा आठवतं मला.

म्हणते, "आणि तिसरा?"

"तिसरा नाही, बाळा."

"मग मला दोन्ही नकोत."

बघा! म्हटलं, बरं, कौतुक करून बघू. "मला तुझा खूप अभिमान आहे, पण..." तर मला थांबवून म्हणते, "मम्मी, तू 'पण' म्हणालीस की मला कळतं, आता तू चिडणार."

"मी चिडत नाहीये!"

"चिडतीयेस. नाक बघ."

"अगं, सर म्हातारे झालेत, त्यांचे गुडघे..."

"मग वरडू नये त्यांनी. गुडघ्यांनी थोडंच वरडतात?"

"आरोहीऽऽऽ!"

कावळे उडाले हो कडुलिंबावरचे. खिडक्याखिडक्यांतनं डोकी बाहेर आली. गुरुजी ऑफिसाच्या दारात येऊन उभे, आणि खोटं कशाला बोलू, त्या माणसाच्या तोंडावर मला हसू दिसलं! आणि माझी लेक, माझ्या पोटची लेक, खाली मान घालून हळूच म्हणते, "मम्मी... पाच."

आणि माझं बी.एड. झालंय हं! फर्स्ट क्लास! साडीचा पदर खोचला, गणपतीपुढं उभी राहिले, आणि कान धरले. सुटका आहे काय? पोरं मोजायला लागली, कानडीच्या तासाची उजळणी म्हणून कानडीत, तीही कुजबुजत, "ओंदु... एरडु..." माझी तिसरी चालू, मी खाली, आणि फाटकात फटफटी!

आमचे हे! आत्तींनी फोनवर काय सांगितलं असेल देव जाणे. डोक्यावर हेल्मेट तसंच, चपला फरफटत आले आणि सुरूच झाले, "हेडसर! टीसी काढा पोरीची! आत्ताच्या आत्ता! माझ्या आईचा फोन आलाय, पोरीनं शाळा डोक्यावर घेतल्या म्हणून! सोमवारी ही टिळकवाडीला! बास झालं हे! आणि मनिषा, तू खाली बसून काय करालीस?"

मी कान धरलेलीच. आणि मी आरोहीकडं बघितलं... तुम्हाला सांगते, इतका वेळ मी हसत हसत सांगतेय, पण हे हसण्यासारखं नव्हतं. तिचं बोट हळूहळू वर चाललं. ओठाकडं. मला वाटलं, गेली. संपली माझी बडबडी. आता पुन्हा "यस" आणि "नो."

बोट हनुवटीपर्यंत आलं. थांबलं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बिल्ल्याकडं. हात खाली घेतला. आणि दोन पावलं पुढं येऊन, आवाज कापत होता, पण आला, म्हणाली, "पप्पा, तुम्ही वरडलासा."

"व्हय, वरडलो! मग?"

"मग पाच."

हे माझ्याकडं बघतात. मी कान सोडला नव्हता. हे गुरुजींकडं बघतात. गुरुजी म्हणाले, "काढा, युवराज. मी काढल्यात. साहेबांनी काढल्यात. आपण काय त्यांच्यापरास मोठं न्हवं." ह्यांनी हात वर नेले... आणि हेल्मेटवर आपटले. तेव्हा आमच्या शिस्तमंत्री काय म्हणाव्यात? "पप्पा, आधी हेल्मेट काढा. कान दिसंनात."

आख्खी शाळा हसली हो! आवाज न करता. खांदे हलवून. तसलं हसणं मी जन्मात बघितलं नव्हतं. ह्यांनी हेल्मेट काढलं, माझ्या शेजारी उभे राहिले, आणि जोडीनं काढल्या. माझ्या राहिलेल्या आणि ह्यांच्या पाच. लग्नानंतर आम्ही जोडीनं देवापुढं पहिल्यांदाच उभे राहिलो असू.

ऐदु, म्हणजे पाच, झालं. हे पायरीवर बसले. घाम पुसला. पोरीकडं बघितलं. ती आपली पाचवीच्या एका पोराला सांगत होती, रांगेत नीट उभा राहा, आणि पाठोपाठ काल काय झालं, मांजरानं काय केलं, शेळीला काय वाटलं, सगळं एका दमात. तोंडाचा पट्टा चालू. हे म्हणाले, "हेडसर, टीसी ऱ्हाऊ दे."

घरी जाताना फटफटीवर, वेशीपाशी आल्यावर म्हणाले, "गेल्या साली ही पोरगी मला पाणी मागाय भ्यायची गं." मी म्हटलं, व्हय. म्हणाले, "आक्काला मी सांगतो." आणि सांगितलं हो! पलीकडनं इंदुताईंचा कपबशीचा आवाज, "अरे युवराज, पण शिस्त?" तर हे म्हणाले, "आक्का, शिस्तीचं नाव काढू नकोस, गुडघं धरल्यात."

शनिवारी साहेब आले, तीन गावांचे हेडमास्तर घेऊन. सगळ्यांनी मिळून काढल्या, एकवीस एकवीस. जाताना ते तिघं आमच्या गुरुजींकडं ज्या नजरेनं बघत होते, विचारू नका. आरोहीनं साहेबांना काही विचारलं नाही. घरी येऊन मला म्हणाली, "मम्मी, मोठी माणसं लई वरडतात वाटतं." गुरुजी मात्र बदलले. इतकं हळू बोलतात आता, की त्यांचं ऐकायचं म्हटलं तर पोरांना आपणहून गप बसावं लागतं. इतकी वर्षं ओरडून जे जमलं नाही, ते गुडघ्यांनी जमवलं! मी पुस्तकं काढून बघितली, हे कुठल्या प्रकरणात बसतं. कुठल्याच नाही. आणि माझं बी.एड... जाऊ दे.

पोरगी राहिली, माझं गंगेत घोडं न्हालं. फक्त एक झालं. ती घरी येताना बिल्ला काढत नाही. "शाळा सुटली म्हणून मंत्रिपद सुटतंय होय?" म्हणते. त्यामुळं घरात ओरडायची सोय राहिली नाही. आत्ती कोंबड्यांना हाकलतातसुद्धा कुजबुजून. आणि नवराबायको म्हटल्यावर भांडण तर होणारच ना हो? ते काही कुजबुजून होतं? म्हणून आता भांडायचं झालं की हे गुपचूप गाडी काढतात, मी गुपचूप मागं बसते, कोगनोळीचा नाका ओलांडतो, महाराष्ट्राच्या हद्दीत उसाच्या कडेला गाडी लावतो, आणि तिथं पोटभर, मोकळ्या आवाजात, एकमेकांचं काय काय काढतो! काल नाक्यावरच्या पोलिसानं अडवलंच, "रोज संध्याकाळी जोडीनं कुठं जातासा?" हे म्हणाले, "काय सांगू साहेब, आमच्याकडं कर्नाटकात कायदा लई कडक हाय!"